वाचक विचारतात : लिव्हरची रायफल, जुनी आणि नव्याने घडलेली

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची, म्हणजे चापाजवळची दांडी (लिव्हर) खाली ओढून पुन्हा भरायच्या रायफलीची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ही पाचही एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. नावे वाचकांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे आजोबा साकोली तालुक्यातील एका गावाचे मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनदार होते. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तरी त्यांची रायफल परवान्यासह त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, घरात होती. नंतर ती पोलीस ठाण्यात जमा झाली. आता आमच्याकडे बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर रायफल घेऊन उभ्या असलेल्या आजोबांचे एक छायाचित्र आणि जमा केल्याची पावती एवढेच उरले आहे; पावतीवर '४४ बोअर, लिव्हर, विंचेस्टर' असे लिहिलेले आहे. टेक्सासमध्ये नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने अलीकडे तिथल्या दुकानातील एका कोऱ्या रायफलीचे फोटो पाठवले. ती आजोबांच्या रायफलीसारखीच दिसते, पण नळीवर इटलीतील कारखान्याचे नाव आहे. शंभर वर्षांपूर्वीची रायफल आज नवी कशी मिळते? ती नक्कल समजायची का? आणि आमची रायफल परत मिळू शकेल का? — एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : आपण पाठवलेले छायाचित्र भिंग लावून पाहिले. रायफलीच्या मधल्या धातूच्या पेटीवर, जिला रिसीव्हर म्हणतात, वेगळ्या बसवलेल्या पत्र्याची कड दिसते आणि तिच्या वरच्या अंगाला सरकत्या झाकणाची पट्टी आहे. या दोन खुणा १८७३ सालच्या विंचेस्टरच्या आहेत. १८९२ सालची रायफल बाहेरून बरीचशी तशीच दिसते, पण तिच्या रिसीव्हरची बाजू सलग आणि सपाट असते. त्यामुळे आपल्या आजोबांच्या हातात १८७३ ची रायफल होती, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो.

या रायफलीचे मूळ हेन्री रायफलीत आहे. बेंजामिन टायलर हेन्री यांना तिचे पेटंट १८६० मध्ये मिळाले. तिच्यात नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात सोळा काडतुसे राहत, मात्र ती पुढच्या टोकाकडून भरावी लागत. १८६६ मध्ये रिसीव्हरच्या बाजूला काडतूस आत सरकवण्याची झडप आली आणि रायफल हातात धरल्या धरल्या भरता येऊ लागली. १८७३ मध्ये पितळी रंगाच्या रिसीव्हरच्या जागी आधी लोखंडाचा आणि पुढे पोलादाचा रिसीव्हर आला, आणि बुडाच्या मधोमध बार पेटवणारी टोपी असलेले .४४-४० हे काडतूस तिच्यासोबत आले. यातील ४४ हा आकडा गोळीच्या व्यासाचा आणि ४० हा काळ्या दारूच्या वजनाचा, ग्रेन या छोट्या मापातला. या रायफली सात लाखांहून अधिक बनल्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून जगभर गेल्या. त्यांपैकी एखादी मध्य प्रांतातील मालगुजाराच्या वाड्यात यावी, यात नवल नाही.

आता नवी रायफल. मूळ उत्पादन विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच थांबले होते. पेटंटांची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे ती पुन्हा घडवण्याला कायद्याची आडकाठी राहिली नव्हती. गिऱ्हाईक मात्र हवे होते. ते अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीने मिळवून दिले. उत्तर इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया हे गाव शतकानुशतके बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे आहे. तिथे आल्दो उबेर्ती यांनी १८५१ सालच्या नौदली रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती बनवून १९५९ मध्ये आपला कारखाना सुरू केला आणि पुढे लिव्हरच्या रायफलीही घडवल्या. आज हा कारखाना बेरेटा समूहात आहे. अमेरिकेत १९८७ पासून काउबॉय नेमबाजी हा संघटित खेळ झाला. त्यात जुन्या पद्धतीचीच हत्यारे वापरण्याचा नियम असल्याने मागणी आणखी वाढली. इटलीतच पेदेर्सोली आणि कियाप्पा, ब्राझीलमध्ये रोसी आणि जपानमध्ये मिरोकू हे कारखानेही अशा रायफली बनवतात. विंचेस्टरचा न्यू हेवन येथील जुना कारखाना २००६ मध्ये बंद झाला, आणि आज विंचेस्टर हे नाव कोरलेल्या लिव्हर रायफली जपानमधील मिरोकूच्या कारखान्यातून येतात. म्हणजे नाव मूळ कंपनीचे आणि घडण जपानची, तर इटलीच्या रायफलीवर नाव परके असूनही आतील यंत्रणा मात्र १८७३ चीच. यातील खरी कोणती, हा प्रश्न नळीवरच्या नावाने सुटत नाही.

म्हणूनच 'नक्कल' हा शब्द मला इथे योग्य वाटत नाही. नक्कल बाहेरचे रूप घेते. या रायफलींत, निदान १८७३ च्या चांगल्या प्रतिकृतींत, आतील सांधे, काडतूस उचलणारा पितळी ठोकळा, सरकते झाकण, लिव्हर पूर्ण मिटल्याखेरीज चाप दबू न देणारी अडसर-पट्टी, हे सगळे मूळ आराखड्याप्रमाणे असते. बदलते ते पोलाद. आजच्या मिश्रपोलादाची आणि उष्णता देऊन कडक केलेल्या भागांची ताकद दीडशे वर्षांपूर्वीच्या धातूत नव्हती. म्हणून तीच १८७३ ची रायफल आज .३५७ मॅग्नम या जोरकस काडतुसासाठीही बनते, ज्याचा दाब .४४-४० च्या कितीतरी पट असतो.

नेमका इथेच जीवघेणा गैरसमज होतो, म्हणून थोडे अधिक लिहितो. नवी रायफल हे सोसते, मग तशीच दिसणारी जुनीही सोसेल, असे समजून जगात अनेकांनी जुन्या रायफली फोडल्या आहेत. जुनी नळी काळ्या दारूच्या काळातील मऊ पोलादाची असते. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात आली आणि तिचा दाब सोसणाऱ्या नळ्या त्यानंतर बनल्या. खुद्द विंचेस्टरची १८९४ ची रायफल आधी काळ्या दारूच्या काडतुसांसाठीच विकली गेली, बिनधुराचे प्रसिद्ध .३०-३० काडतूस १८९५ मध्ये निकेल-पोलादाच्या नळ्या आल्यावर तिच्यात बसले. आपल्या आजोबांच्या रायफलीच्या नळीत काळ्या दारूच्या राखेने पडलेले गंजाचे खड्डेही असू शकतील. ती कधी हाती आली, तर 'चालते का पाहू' म्हणून एकही बार काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुतण्याला नळीच्या बुंध्याशी असलेल्या खुणा बघायला सांगा. इटलीत प्रत्येक नळीची गार्दोने येथील सरकारी चाचणीगृहात जास्त दाबाच्या काडतुसाने परीक्षा होते आणि तशी मुद्रा उमटवली जाते. शेजारी छोट्या चौकटीत वर्षाची सांकेतिक अक्षरे असतात. मूळ रायफलीच्या नळीवर न्यू हेवनचा पत्ता आणि १८६० व १८६६ या पेटंटांच्या तारखा कोरलेल्या असतात. जुनी भासवून विकलेली प्रतिकृती ओळखण्याची ही पहिली पायरी आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाबाबत : परवानाधारकाच्या मृत्यूनंतर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि वारसाने ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना मिळवून ते सोडवून घेतले नाही, तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. १९७८ पासूनचा काळ पाहता आशा कमी आहे. तरीही पावतीची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज करावा आणि त्या हत्याराचे पुढे काय झाले एवढे तरी लेखी मागावे. पावती आणि छायाचित्र दोन्ही जपून ठेवा. अशा जोडीने कागद क्वचितच टिकतात.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. लिव्हर खाली ओढून परत मिटली की रायफल पुन्हा तयार होते, एवढे चित्रपटांत दिसते. आत नेमके काय घडते? आणि अशा रायफलीत टोकदार गोळी चालत नाही, असे का म्हणतात? — एक शिक्षक, ता. वरोरा

उत्तर : काही वर्षांपूर्वी नागपुरात एका परवानाधारक कारागिराच्या बाकावर १८७३ ची एक रायफल बाजूचे पत्रे काढून ठेवलेली मी पाहिली होती. त्याने रिकाम्या रायफलीची लिव्हर इतकी सावकाश फिरवली की प्रत्येक हालचाल वेगळी दिसली. तीच इथे सांगतो.

आत दोन्ही बाजूंना दोन-दोन दांड्यांचे सांधे असतात, माणसाच्या गुडघ्यासारखे. लिव्हर मिटलेली असताना हे गुडघे ताठ असतात. गुडघा ताठ करून उभ्या राहिलेल्या माणसाला डोक्यावरचे ओझे पेलते, पण त्याच गुडघ्याला मागून बोटाने टोचले की तो वाकतो, तत्त्व तेच. बार उडताना मागे येणारा दाब ताठ सांध्यांवर सरळ येतो आणि ते वाकत नाहीत. लिव्हर खाली ओढली की सांधे मधून वाकतात, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी दांडा, मागे सरकतो, नळीतील रिकामी पुंगळी आकड्याने ओढून आणतो आणि जाता जाता घोडा मागे ढकलून चढवतो. लिव्हर अगदी टोकाला पोचली की पितळी ठोकळा टणकन वर येतो. त्याच्या पोटात खालच्या नळकांड्यातून आलेले नवे काडतूस असते, आणि त्याच झटक्यात रिकामी पुंगळी वरून बाहेर फेकली जाते. लिव्हर मिटताना बोल्ट ते काडतूस नळीत ढकलतो, ठोकळा खाली बसतो, पुढचे काडतूस त्यात सरकते आणि गुडघे पुन्हा ताठ होतात. कारागिराने लिव्हर अर्ध्यात थांबवली, तेव्हा त्या पितळी ठोकळ्याच्या कडा कित्येक वर्षांच्या घासण्याने आरशासारख्या झालेल्या दिसल्या.

ही रचना गुळगुळीत चालते, पण मोठे काडतूस सोसत नाही. ती अडचण जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी १८८६ च्या रायफलीत सोडवली. त्यांनी सांध्यांऐवजी बोल्टच्या दोन्ही अंगांना खाचा ठेवून त्यांत खालून वर चढणाऱ्या दोन जाड पोलादी पट्ट्या बसवल्या. दारासाठी कडी आणि अडसर यांत जो फरक, तोच हा. १८९२ ची रायफल म्हणजे याच रचनेची लहान आवृत्ती असल्यामुळे तिच्या प्रतिकृती आज .४४ मॅग्नम सहज पेलतात. वर्गात शिकवण्यासाठी मला विचाराल तर १८७३ चा गुडघा अधिक सुंदर आहे. ताकदीने मात्र ब्राउनिंग यांची पट्टी सरस.

टोकदार गोळीचे कारण साधे आहे. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक आडवी असतात, त्यामुळे मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावरील टोपीला टेकते. गोळी झाडल्यावर रायफलीला जो धक्का बसतो, त्यात कठीण टोक टोपीवर आपटले तर नळकांड्यातच, म्हणजे डाव्या हाताखाली, काडतूस उडू शकते. म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवतात. अमेरिकेतील हॉर्नाडी या कंपनीने अलीकडे मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी काढली. टोक दबते, त्यामुळे तो धोका राहत नाही आणि गोळी हवेतही चांगली जाते. १८९५ च्या विंचेस्टरला हा प्रश्नच नव्हता, कारण तिची काडतुसे रिसीव्हरखालच्या पेटीत एकावर एक असत. रशियाने पहिल्या महायुद्धात त्या रायफली जवळजवळ तीन लाख घेतल्या, त्याचे एक कारण हेच.

प्रश्न : नवी हेन्री कंपनी आणि १८६० ची हेन्री एकच का? — एक विद्यार्थी, अचलपूर

उत्तर : नाही. आजची हेन्री रिपीटिंग आर्म्स ही कंपनी १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाली. जुन्या कारखान्याशी तिचा वारशाचा संबंध नाही, नाव आदराने घेतलेले आहे. ती १८६० च्या रायफलीची पितळी रिसीव्हरची प्रतिकृती बनवते, मात्र मूळचे .४४ हेन्री काडतूस आता बनत नसल्याने ती .४४-४० मध्ये येते.

प्रश्न : आमच्या शेतात तूर आणि हरभरा रोही व रानडुकरे उभा खातात. रात्रभर जागल करूनही हाती निम्मे पीक येत नाही. अशी लिव्हरची नवी रायफल परवाना काढून घेता येईल का? शेत टिपेश्वर अभयारण्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. — एक शेतकरी, ता. घाटंजी

उत्तर : आपली अडचण खरी आहे, आणि ती कमी लेखून उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. पण या रायफलीचा मार्ग आपल्यासाठी बंद आहे आणि तो का बंद आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पहिली गोष्ट म्हणजे सामान्य परवानाधारकाला परदेशातून रायफल मागवता येत नाही. ती सवलत नामवंत नेमबाजांसारख्या मोजक्या लोकांना आहे. आपल्याकडील परवानाधारकांच्या हातात दिसते ती सरकारी कारखान्याची .३१५ रायफल किंवा १२ बोअर, आणि ती रायफल लिव्हरने नव्हे, तर बोल्टच हाताने मागेपुढे करून चालवायची असते. दुसरी गोष्ट : पीक राखण्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यात जी सोय आहे, ती ठासणीच्या बंदुकीची आहे; रायफलीची नाही. तिसरी गोष्ट आपल्याला सर्वात जवळची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि तिथे आधीपासून परवाना असलेल्यांनाही आपली नोंदणी करावी लागते. ताडोबा, मेळघाट, बोर, नागझिरा यांच्या आसपासच्या गावांनाही हाच नियम आहे आणि अनेक परवानाधारकांना तो माहीत नसतो, असे माझ्या पाहण्यात आहे.

शिवाय शस्त्राचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्याबाबत त्याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात, पण ती त्या प्रसंगापुरती असते आणि ती नसताना झाडलेली गोळी हा गुन्हाच. मोकळ्या सपाट रानात रात्री झाडलेली रायफलीची गोळी किलोमीटरभराहून पुढे जाते. पुढच्या शेतात मचाणावर आपल्यासारखाच कोणी जागलीला बसलेला असतो. कुंपणात विजेचा चोरटा प्रवाह सोडण्याचा विचारही करू नका. त्याने आपल्या विदर्भात वाघही मेले आहेत आणि शेतकरीही. नुकसान झाल्या झाल्या, माग आणि विष्ठा ताजी असताना, वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, पिकाचे फोटो तारखेसह ठेवा आणि भरपाईच्या अर्जाची पोच घ्या. सौर कुंपणासाठी अनुदानाच्या योजना आहेत. शेजारच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी सलग कुंपण केले, तर एकट्याच्या कुंपणापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो, कारण कळप फक्त फट शोधत असतो.

प्रश्न : आमची झाडीपट्टीची नाटक मंडळी वडसा येथील आहे. या हंगामातील नाटकात मालगुजाराच्या हातात लिव्हरची रायफल दाखवायची आहे. परदेशी बनावटीची न चालणारी प्रतिकृती मागवावी का? — एक निर्माते, जि. गडचिरोली

उत्तर : मागवू नका. स्पेनमधील डेनिक्ससारखे कारखाने न झाडता येणाऱ्या धातूच्या प्रतिकृती बनवतात आणि त्या दिसायला उत्तम असतात. पण आपली मंडळी मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत रात्री-बेरात्री गाडीने गावोगाव, तेही गडचिरोलीच्या नाक्यांवरून जाते. अंधारात विजेरीच्या उजेडात जवानाला ती खरी वाटली, तर समजावून सांगायला वेळ मिळेलच असे नाही. खोट्या बंदुकीत फेरफार करून ती झाडण्याजोगी करणे हा शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, हेही मंडळीतील हौशी तरुणांना सांगून ठेवा.

सागवानाची करून घ्या. आपल्याकडच्या सुताराला कुंदा (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) आणि नळी कठीण नाही. लिव्हर मात्र बिजागरीवर खरी फिरणारी ठेवा आणि ती मिटताना लाकडी रिसीव्हरवर लोखंडी पट्टी आपटेल असे करा, म्हणजे तो दुहेरी खटका शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल. रिसीव्हरला पितळी रंग दिलात, तर ती १८६६ ची दिसेल. १८७३ साठी काळपट निळा रंग द्या आणि बाजूला पत्र्याची कड कोरा. नळीचे तोंड भरीव ठेवा. प्रवासात कुंदा वेगळा काढून ती पेटीत बंद ठेवा, पेटीवर नाटकाचे साहित्य असे ठळक लिहा आणि प्रयोगाच्या गावी पोचल्यावर आधी पोलीस ठाण्यात एक चिठ्ठी द्या.